आधी जाळी बघा : ऑफ-रोडला इंजिन तापू नये म्हणून

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा. मावळात पावसाळ्यानंतर वाढलेलं गवत वाळून कमरेएवढं उभं होतं. माझी जुनी पेट्रोल फोर-बाय-फोर त्या गवतातून पहिल्या गिअरमध्ये चार किलोमीटर चढत गेली. टेम्परेचरचा काटा दोन वर्षांत मधल्या रेघेवरून हलला नव्हता, तो सरळ लाल पट्टीला टेकला. गाडी थांबवली, बोनेट उघडलं आणि डिकीतून पाण्याचा कॅन काढला. बांधावर बसलेले एक आजोबा मघापासून बघत होते. म्हणाले, “पाव्हणं, पानी राहू द्या. आधी जाळी बघा. भाताच्या मळणीला आमचा ट्रॅक्टर असाच तापतो.”

ग्रिलमधून वाकून बघितलं. रेडिएटरच्या पुढे कुसळांचा, गवताच्या बियांचा आणि धुळीचा असा थर बसला होता की बोटाने कडेला धरून ओढल्यावर हातभर तुकडा अखंड सोलून निघाला, सतरंजीच्या चिंधीसारखा. इंजिन निवल्यावर पाणी पाहिलं, तर पातळी जिथल्या तिथे. मी कॅन ओतत बसलो असतो तर आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी झालं असतं.

तेव्हापासून नव्याने ऑफ-रोडिंग सुरू करणाऱ्या कुणी विचारलं, की मी पाण्याच्या आधी वाऱ्याबद्दल बोलतो.

आधी एवढं समजून घ्या

इंधन जाळून जी ऊर्जा मिळते, तिच्यातली ढोबळमानाने एक तृतीयांश गाडी ओढायला लागते. साधारण तेवढीच सायलेन्सरमधून धुरासोबत निघून जाते. उरलेली बरीचशी कुलंट, म्हणजे इंजिनाला गार ठेवायला आत फिरणारं पाणी, उचलतं, रेडिएटरपर्यंत नेतं आणि रेडिएटर ती हवेच्या हवाली करतो. एक्स्प्रेसवेवर ताशी ८० ने जाताना समोरून फुकटचा वारा मिळतो. दगडगोट्यांच्या चढावर वेग असतो ताशी पाच किलोमीटर आणि इंजिन मात्र जीव खाऊन ओढत असतं. अशा वेळी सगळी मदार एकट्या फॅनवर. त्यातून रेडिएटरच्या पुढ्यात एसीचा कंडेन्सर, टर्बो गाडीत इंटरकूलर. म्हणजे रेडिएटरला मिळते ती हवासुद्धा आधीच कोमट झालेली.

म्हणून गाडी हायवेला कधी तापली नाही, याचा ऑफ-रोडला काही उपयोग नाही. अर्धी चोक झालेली जाळी, आळसावलेला फॅन, सैल झाकण हे सगळं हायवेचा वारा झाकून नेतो. मातीत उतरलं की उघडं पडतं.

पायरी १ : आदल्या रविवारी, थंड इंजिनावर

ही पायरी लांबलचक आहे आणि निम्मं काम इथेच होतं. गाडी रात्रभर उभी राहिलेली असावी.

जाळीपासून सुरुवात करा. टॉर्च घ्या आणि ग्रिलमधून कंडेन्सरचे पापुद्र्यासारखे बारीक फिन बघा. ते स्वच्छ दिसले तरी थांबू नका. खरी घाण कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या दोन-तीन बोटांच्या फटीत साठते आणि ती समोरून दिसत नाही. टॉर्च इंजिनाच्या बाजूने धरा आणि पुढून बघा. उजेड आरपार येत असेल तर ठीक. जिथे काळोखाचे चट्टे दिसतील तिथे माती आहे. बऱ्याच गाड्यांत वरची पट्टी दोन-चार बोल्ट काढून सैल करता येते, मग त्या फटीत हात जातो. जुना टूथब्रश फिनच्या रेषेतच फिरवा. आडवा फिरवला की फिन दुमडतात आणि जी वाट मोकळी करायची तीच बंद होते.

ग्रिलसमोर काय काय लटकवलंय तेही बघा. भलेमोठे गोल दिवे, आडवी नंबरप्लेट, ग्रुपचा बोर्ड. दिसायला रुबाबदार, पण प्रत्येक वस्तू आपल्या वाट्याचा वारा अडवते. बुल बारबद्दल तर २०१७ च्या डिसेंबरमध्येच केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना कारवाई करायला सांगितलं होतं. ते अपघातात पादचाऱ्यांना घातक ठरतात म्हणून. वारा अडतो हे माझ्याकडून जास्तीचं कारण समजा.

मग कुलंट. रिझर्व्ह टाकीवर खालची आणि वरची अशा दोन खुणा असतात. पातळी त्यांच्यामध्ये हवी. कुलंट कॉन्सन्ट्रेट असेल तर पाण्याबरोबर निम्मं-निम्मं करायचं, प्रीमिक्स असेल तर तसंच ओतायचं. डब्यावर काय लिहिलंय ते वाचा. पाणी पेट्रोल पंपावर मिळणारं बॅटरीचं पाणी, म्हणजे डिस्टिल्ड वॉटर, वापरा. बोअरचं पाणी जड असतं. त्यातला क्षार रेडिएटरच्या नळ्यांत तसाच बसतो, जसा घरातल्या गिझरमध्ये बसतो. ‘हिरव्यात हिरवं चालतं’ हे दुकानदाराचं म्हणणं मनावर घेऊ नका. कुलंटच्या रंगाला ठरलेला असा नियम नाही, कंपनीगणिक बदलतो. गाडीच्या पुस्तकात जो प्रकार दिलाय तोच घाला. आणि सांडलेलं कुलंट लगेच धुऊन टाका. चवीला गोड असतं आणि विषारी असतं, गल्लीतली कुत्री-मांजरं चाटतात.

पुष्कळांना वाटतं, की गाडी उकळू न देणारी जादू कुलंटमध्ये असते. जरा आकडे बघा. साधं पाणी समुद्रसपाटीला उघड्यावर १०० अंशाला उकळतं. निम्मं-निम्मं कुलंट सुमारे १०७ अंशाला. म्हणजे कुलंटने दिले सातच अंश. आता रेडिएटरच्या झाकणावर बघा, ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो. तेवढा दाब ते झाकण आत धरून ठेवतं. ०.९ च्या दाबाखाली तेच मिश्रण सव्वाशे अंशाच्या आसपासपर्यंत उकळत नाही. कुलंटच्या दुपटीहून जास्त काम झाकण करतं! आणि त्याचा रबर चिरला असला तर सगळं गेलं. झाकण उलटं करून रबरावरून बोट फिरवा. कडक, चपटं किंवा चिरलेलं वाटलं तर नवीन घ्या, दाबाचा आकडा तोच ठेवून. जास्त दाबाचं झाकण लावून बघण्याचा मोह नको, जुने होज फाटतात.

लडाखला गाडी नेणाऱ्यांनी हा हिशेब आणखी पुढे न्यावा. ढोबळमानाने दर ३०० मीटर चढलं की पाण्याचा उत्कलनबिंदू एक अंशाने उतरतो. महाबळेश्वरला चार-साडेचार अंशांचा फरक. खारदुंग ला ५,३५९ मीटरवर आहे. तिथे उघडं पाणी ८२-८३ अंशाला उकळतं, म्हणजे कित्येक इंजिनांचा थर्मोस्टॅट (कुलंट तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप) उघडायला लागतो त्या तापमानाला. तिथे तुम्हाला झाकणच वाचवतं. त्यात हवा विरळ, म्हणजे तोच फॅन तितकाच फिरूनही कमी उष्णता नेतो.

होज दाबून बघा. वरचा आणि खालचा, दोन्ही. टवटवीत भेंडीसारखा लवचिक हवा. लिबलिबीत झाला असेल, फुगला असेल किंवा दाबल्यावर आतून करकर आवाज आला, तर बदला. क्लिपपाशी पांढरे-हिरवे डाग असतील तर तिथून कुलंट झिरपतंय.

फॅनचे दोन प्रकार. इलेक्ट्रिक असेल तर गाडी चालू करून एसी लावा, बहुतेक गाड्यांत फॅन लगेच फिरायला हवा. पट्ट्यावर चालणारा, मधोमध गोल डबी असलेला असेल तर तो व्हिस्कस. गाडी चांगली चालवून आल्यावर इंजिन बंद करा, किल्ली खिशात घाला आणि पातं हाताने ढकला. अडखळत थोडंसं फिरून थांबलं तर ठीक. गरगर फिरत राहिलं तर त्या डबीतलं तेल गेलंय. हायवेला हे कधीच कळत नाही. फॅन बेल्टवर चिरा असतील तर तोही बदलून टाका आणि जुना धड असेल तर डिकीत ठेवा.

थर्मोस्टॅटबद्दल एक जळजळीत मत. गाडी तापते म्हटल्यावर आपल्याकडचे बरेच मिस्त्री पहिला उपाय म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकतात. “साहेब, आपल्या हवेला लागतच नाय.” लागतो. तो नसला की थंडीत इंजिन तापायलाच वेळ लागतो आणि ॲव्हरेज घटतं. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट पूर्ण उघडला की बायपासची वाट बंद करतो. तो काढल्यावर ती वाट कायम उघडी राहते आणि गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातं. म्हणजे ज्या रोगावर औषध घेतलं तोच वाढतो. सेकंड हँड गाडी घेतली असेल तर आत थर्मोस्टॅट आहे का, हे एकदा उघडून बघाच. पाण्याच्या पंपाला, म्हणजे मिस्त्री ज्याला ‘वॉटर बॉडी’ म्हणतात त्याला, खालून ओल दिसते का, तेही त्याच वेळी बघून घ्या.

पायरी २ : काट्याचा स्वभाव

डॅशबोर्डचा काटा खोटं बोलत नाही, पण खरं उशिरा सांगतो. पुष्कळ गाड्यांत तो साधारण ७५ ते १०५ अंशांपर्यंत मधल्या रेघेवरच ठेवलेला असतो, ग्राहक उगाच घाबरू नये म्हणून. तो हलला म्हणजे वेळ आधीच निघून चाललीय. काही नव्या गाड्यांत तर काटाच नाही. थंड असताना निळा दिवा, तापल्यावर लाल.

यावर स्वस्त उपाय म्हणजे ओबीडीचा, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारा, ब्लूटूथ स्कॅनर. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये खोचायचा, मोबाइलवर कुलंटचं तापमान आकड्यांत दिसतं. आठवडाभर रोजच्या रस्त्यावर बघत राहा. बहुतेक गाड्या ८५ ते १०० मध्ये खेळतात. तुमच्या गाडीचा रोजचा आकडा पाठ झाला, की ऑफ-रोडला तो दहा अंशांनी वर गेल्यावर तुम्हाला कळेल, काट्याला कळायच्या आधी. खूप जुन्या गाडीत हे सॉकेट नसतं. तिथे वेगळा मीटर बसवून घेतलेला बरा.

आणखी एक. तापत आलेल्या गाडीचा काटा अचानक धपकन खाली आला तर हुश्श करू नका. सेन्सर कुलंटमध्ये बुडालेला असतो तोवरच नीट मोजतो. कुलंट गळून गेलं आणि तो उघडा पडला, की काटा थंड दाखवायला लागतो आणि आत इंजिन भाजत असतं.

पायरी ३ : डिकीत

दहा लिटर पाणी, पिण्याचं वेगळं. लिटर-दोन लिटर तुमच्या गाडीचं कुलंट. दोन-तीन मापांच्या होज क्लिप, स्क्रू ड्रायव्हर, स्वतःलाच चिकटणारी सिलिकॉन टेप, जाड टॉवेल, कातडी हातमोजे, टूथब्रश. मच्छरदाणीच्या जाळीचा एक तुकडा आणि झिप टाय. ती कशाला, ते पुढे येतंय.

रेडिएटर गळायला लागला तर त्यात हळद टाकायची जुनी ट्रकवाली युक्ती तुम्हाला कुणीतरी सांगेलच. बारीक भोक तात्पुरतं बुजतं हे खरं. पण हळदीला भोक आणि नळी यातला फरक कळत नाही. हीटरच्या कोअरमध्येसुद्धा ती तितक्याच निष्ठेने बसते. अगदी जंगलात अडकलात तरच, आणि घरी आल्यावर सगळी सिस्टीम धुवायची तयारी ठेवून.

पायरी ४ : चालवताना

वाट मऊ असेल तर सगळ्यात आधी टायरची हवा कमी करा. रस्त्यावर ३२ पीएसआय असेल तर भुसभुशीत मातीत २० च्या आसपास, राजस्थानातल्या वाळूत त्याहून खाली, १५ ते १८. टायर पसरतो, गाडी रुतत नाही आणि तीच वाट कापायला इंजिनाला कमी ओढावं लागतं. नवशिके हवा कमी करणं फक्त पकडीशी जोडतात. प्रत्यक्षात इंजिन थंड ठेवण्याचा याहून सोपा मार्ग मला माहीत नाही. रस्त्याला लागण्याआधी हवा परत भरायची, म्हणून सोबत छोटा कॉम्प्रेसर हवाच. (वाळू म्हटल्यावर गोव्याचा किनारा आठवला असेल, तर तो विसरा. तिथे किनाऱ्यावर गाडी घालण्याला बंदी आहे आणि पोलीस गुन्हा नोंदवतात.)

फोर-लो, म्हणजे फोर-बाय-फोरची कमी वेगाची आणि जास्त जोराची रेंज, वेळेवर टाका. चढ समोर दिसला की थांबून टाकायचा, अर्ध्या चढावर हाफ क्लच जाळत बसल्यावर नाही. फोर-लोमध्ये इंजिन त्याच वेगाला दोन-अडीच पट जास्त फेरे घेतं. ऐकायला वाटतं, की मग जास्तच तापेल. पण पाण्याचा पंप इंजिनाबरोबर फिरतो, व्हिस्कस फॅनही इंजिनाबरोबर फिरतो. फेरे वाढले की कुलंट वेगाने फिरतं, वारा जास्त ओढला जातो आणि प्रत्येक फेऱ्यामागे इंजिनावरचा ताण हलका होतो. हाय रेंजमध्ये हजार आरपीएमवर घुसमटत, गचके खात चढणारी गाडी सगळ्यात लवकर तापते. १,८०० ते २,५०० च्या दरम्यान इंजिन मोकळं गुणगुणत राहील असा गिअर शोधा.

ऑटोमॅटिक गाडीत आणखी एक उष्णता असते, टॉर्क कन्व्हर्टरची, म्हणजे क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणाऱ्या भागाची. ॲक्सिलरेटर दाबलाय आणि गाडी जागची हलत नाही, अशा वेळी सगळी ताकद गिअरबॉक्सच्या तेलात उष्णता होऊन जिरते. आणि कित्येक गाड्यांत त्या तेलाचा कूलरही रेडिएटरमध्येच असतो. रुतलेल्या गाडीवर पाय दाबून धरू नका. उतरा, फावडं घ्या.

चढ अवघड असेल तर एसी बंद. कॉम्प्रेसरचा भार जातो आणि कंडेन्सर पुढच्या हवेत आपली गरमी सोडायचं थांबवतो.

उताराचा फायदा घ्या. फोर-लोमध्ये, गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरवरून पाय काढून उतरताना इंजेक्शनच्या गाड्यांत इंधन जवळपास बंद होतं, पण पंप आणि फॅन फिरत राहतात. लांब चढानंतर असा उतार मिळाला की स्कॅनरवरचा आकडा भराभर खाली येताना दिसतो. न्यूट्रलवर घरंगळत आलात तर हा फायदा तर बुडेलच, ब्रेकही तापतील.

गवत. ऑक्टोबर ते डिसेंबर सह्याद्रीत हा मोठा शत्रू. ग्रिलसमोर मच्छरदाणीची जाळी झिप टायने ताणून बांधा. कुसळं तिच्यावर अडकतात आणि थांबून हाताने झटकता येतात. जाळीमुळे वारा किंचित कमी होतो, म्हणून गवत संपलं की काढून टाका. दर अर्ध्या तासाला थांबा आणि गाडीखालीही वाकून बघा. सायलेन्सर आणि कॅटलिटिक कन्व्हर्टरच्या वर अडकलेलं वाळलेलं गवत पेट घेतं. नव्या डिझेल गाड्यांत डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) स्वतःची काजळी जाळायला लागला, की तिथलं तापमान काहीशे अंशांवर जातं. अशा गाडीला वाळक्या गवतावर उभं करणं म्हणजे आगपेटी हातात देण्यासारखं आहे.

नाला ओलांडायचा असेल तर पलीकडे जाण्याआधी गाडी दोन-चार मिनिटं निवू द्या आणि एसी बंद करा, म्हणजे इलेक्ट्रिक फॅन चालू होण्याची शक्यता कमी. फिरतं पातं पाण्यात शिरलं की पुढे वाकून रेडिएटरच फाडू शकतं. पाणी आत येऊ नये म्हणून काही जण गाडीच्या तोंडावर ताडपत्री बांधतात. चांगली युक्ती आहे, पण पलीकडे पोचल्याबरोबर सोडायची. एकदा आमच्या ताफ्यातल्या एका पठ्ठ्याने ती तशीच ठेवून पुढचा चढ घेतला आणि माथ्यावर येईपर्यंत बोनेटखालून वाफ. चिखलाचंही तसंच. विदर्भ-मराठवाड्यातली काळी माती जाळीत बसली की तासाभरात विटेसारखी वाळते. ओली असतानाच डबाभर पाण्याने काढा.

पायरी ५ : काटा चढायला लागला तर

घाबरून लगेच किल्ली फिरवू नका. वाफ नाही, कुलंट गळत नाही, ऑइलचा दिवा पेटलेला नाही, असं असेल तर इंजिन चालू ठेवण्यातच फायदा आहे. बंद केलं की पंप थांबतो आणि इंजिनाच्या धातूत साठलेली उष्णता जागच्या जागी कुलंटमध्ये उतरून तापमान उलट चढतं.

एसी बंद करा. हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर पूर्ण, काचा खाली. मे महिन्यात हीटर लावल्यावर मागे बसलेली मंडळी तुमच्याकडे बघतील ते सहन करा. हीटर हा एक छोटा रेडिएटरच आहे. त्यातून गरम हवा आली तर कुलंट फिरतंय. काटा लालमध्ये आणि हीटर थंड हवा फेकतोय, तर कुलंट संपलंय किंवा एअरलॉक झालाय, म्हणजे नळ्यांत हवा अडकलीय. तेव्हा मात्र त्या क्षणी इंजिन बंद.

सपाट जागा मिळाली की गाडीचं तोंड वाऱ्याकडे करून थांबा. न्यूट्रल, हँडब्रेक, आणि ॲक्सिलरेटरवर हलका पाय ठेवून १,५०० च्या आसपास. बोनेट उघडा, फॅन फिरतोय का बघा, जाळी बघा. दोन-तीन मिनिटांत काटा उतरायला लागला पाहिजे. उतरला नाही किंवा आणखी चढला, तर बंद करा.

पायरी ६ : उकळलीच तर

इंजिन बंद. बोनेटच्या कडांतून वाफ येत असेल तर ती ओसरेपर्यंत उघडूही नका. आणि रेडिएटरचं झाकण? त्याला हात लावायचा नाही. झाकणाखाली शंभर अंशांहून गरम पाणी केवळ दाबामुळे पाणी राहिलेलं असतं. दाब सुटला की त्यातलं कितीतरी त्याच क्षणी वाफ होतं आणि ती चेहऱ्यावर येते. ज्या गाड्यांत कुलंटची टाकीच दाबाखाली असते, तिच्या झाकणालाही हेच लागू.

पाऊण तास तरी थांबा. घाई करणारा एक जण ताफ्यात असतोच, त्याला चहा करायला बसवा. मग हातमोजे घालून वरचा होज दाबून बघा. टणक असेल तर अजून दाब आहे. मऊ पडला असेल तर झाकणावर जाड टॉवेल ठेवून, तोंड बाजूला करून, पहिल्या खाचेपर्यंतच फिरवा. फुसफुस थांबली की पूर्ण काढा.

गार पाणी भसकन ओतू नका. तापलेलं ॲल्युमिनियमचं हेड त्या धक्क्याने वाकू शकतं, तडकू शकतं. हेड वाकलं की गॅस्केट, म्हणजे हेड आणि इंजिन यांच्यामधलं सील, जातं, आणि मग हेड काढून फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला, टाकण्यापासून सुटका नाही. हात लावून सोसवेल इतपत निवल्यावर, इंजिन चालू करून, बारीक धारेने घाला. हीटर गरमवरच ठेवा, म्हणजे तिथेही कुलंट भरेल आणि हवा अडकणार नाही. शक्य असेल तर गाडीचं तोंड चढाकडे असू द्या, बुडबुडे वर येऊन निघून जातात. भरपूर बुडबुडे थांबायचं नावच घेत नसतील आणि मागून गोडसर वासाचा पांढरा धूर येत असेल, तर गॅस्केट गेलंय. पुढचा प्रवास दोरीला बांधून.

कुलंट संपलं असेल तर ओढ्याचं स्वच्छ पाणी कापडातून गाळून चालेल, घरी येऊन सगळं बदला. खाडीचं खारं पाणी मात्र नको.

पायरी ७ : घरी आल्यावर

त्याच संध्याकाळी धुवा, पण इंजिन पूर्ण थंड झाल्यावर. वॉशिंग सेंटरवाल्याच्या हातातली ती प्रेशरची बंदूक रेडिएटरपासून लांब ठेवा, फिन एका फटक्यात झोपतात. साध्या नळीने, हलक्या धारेने, इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला पाणी मारा, कारण घाण पुढून आत शिरलेली असते आणि पुढून मारलेलं पाणी तिला आणखी आत ढकलतं. फॅनची मोटर आणि अल्टरनेटर टाळा. खाली पडणारं पाणी लाल असेतोवर चालू ठेवा. मावळातल्या त्या दिवसानंतर माझ्या गाडीतून तीन वेळा धुतल्यावरही कुसळं निघत होती. शेवटची जानेवारीत निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी सुरू करायच्या आधी, कुलंटची पातळी बघा आणि ऑइलची डिपस्टिक काढा. पातळी उतरली असेल तर गळती शोधा. ऑइल भरायच्या झाकणाला आतून थोडी पांढरी साय थंडीत, जवळच्या फेऱ्यांनीही जमते, तिचं एवढं काही नाही. पण डिपस्टिकवरच ऑइल दुधाच्या कॉफीसारखं दिसलं तर किल्ली लावू नका. कुलंट ऑइलमध्ये उतरलंय. गाडी गॅरेजला चालवत नेऊ नका, टो करून न्या.